कमी खर्चात मॉडेल रेल्वेच्या इमारती रापलेल्या कशा दिसतील

लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेचे रूळ आणि इमारती मांडलेल्या बोर्डवर, इंजिन कितीही महागाचं असलं तरी शेजारचं स्टेशन कोरं करकरीत दिसलं की सगळंच खेळण्यासारखं वाटतं. ते खरं वाटावं म्हणून परदेशी रंगांचे संच मागवायची गरज नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात कागद, बोर्ड आणि रंग मिळतात, बोहरी आळीत गेरू, पुट्टी आणि हार्डवेअर, तपकीर गल्लीत एलईडी आणि वायरी. एका छोट्या इमारतीचं सगळं सामान साधारण हजार रुपयांच्या आत बसतं. पैशांपेक्षा जास्त लागतं ते एक भान: पावसाचं पाणी इमारतीवर कुठे पडतं, कुठून ओघळतं आणि कुठे थांबतं. शेवाळ, गंज, लोणा (ओल्या भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार), उडालेला रंग, जवळपास प्रत्येक खुणेची जागा पाणीच ठरवतं.

म्हणून रंगाला हात लावण्याआधी लेआउटवर पश्चिम कुठे आहे ते ठरवा आणि बोर्डच्या कडेला पेन्सिलने बाण काढून ठेवा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे त्या अंगाच्या भिंती काळवंडतात. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी, तिथे ओल टिकते आणि हिरवट शेवाळ धरतं. दक्षिणेच्या भिंतीचा रंग उन्हाने विटतो. लेआउटवरच्या सगळ्या इमारतींना हा एकच नियम लावला की त्या एकाच गावातल्या वाटू लागतात. गावही ठरवा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मि.मी. पाऊस पडतो, लोणावळ्यात त्याच्या कितीतरी पट. खंडाळा-लोणावळ्याची इमारत शेवाळलेली हवी. जेजुरीकडची धुळीने माखलेली आणि उन्हाने फिकी झालेली हवी.

काळही ठरवा, कारण काजळी त्यावर अवलंबून आहे. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर. त्यामुळे त्यानंतरच्या घाटातल्या स्टेशनावर छप्परभर काजळी फासली तर ते खटकतं. उलट पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत मीटरगेज होता, आणि त्या काळच्या वाफेच्या गाड्यांच्या स्टेशनावर वळचणीखाली आणि गाडी थांबते त्या बाजूला काजळी हवीच.

इथे नमुना म्हणून काळ्या दगडाची, मंगलोरी कौलांची छोटी स्टेशन इमारत घेतली आहे. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. मूळ माप मिलिमीटरमध्ये घेऊन ८७ ने भागायचं, एवढंच गणित. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद इमारत १३८ × ६९ मि.मी. होते. वळचणीपर्यंतची ४ मीटर उंची ४६ मि.मी., २.४ मीटरचा दरवाजा साडेसत्तावीस मि.मी. आणि १.२ × १.५ मीटरची खिडकी १४ × १७ मि.मी. अंदाज चुकू नये म्हणून एक माणूस जवळ उभा ठेवा. १७० सें.मी.चा माणूस या प्रमाणात साडेएकोणीस मि.मी. भरतो.

भिंत

भिंतीला ३ मि.मी.चा सनबोर्ड घ्या. प्रमाणात तो जेमतेम २६ सें.मी. जाड होतो, आणि दगडी भिंत तर सहज ४५ सें.मी.ची असते. म्हणून आतून २ मि.मी.चा माउंट बोर्ड चिकटवा. खिडकीची चौकट त्या खोल कोनाड्यात आत गेली की भिंतीला वजन येतं. पातळ भिंतीवर कितीही सुंदर रंग दिला तरी इमारत पुठ्ठ्याची दिसते, आणि हा दोष नंतर झाकता येत नाही.

सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, त्याला फेविकॉल नीट धरत नाही. कोपरे फेविक्विकने जोडा, किंवा प्लंबरकडचं पीव्हीसी सोल्युशन काडीच्या टोकाने अगदी पातळ लावा. जास्त लावलं तर बोर्ड विरघळून खड्डा पडतो. आतला माउंट बोर्ड रबर ॲडेसिव्हने चिकटवा.

दगड कोरण्याआधी २२० नंबरच्या वॉटर पेपरने बोर्डची चमक घालवा. मग स्टीलची पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनने ३ मि.मी. अंतरावर आडव्या रेषा दाबा. उभे सांधे हातानेच पाडा. एका थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देऊ नका आणि दगडांच्या लांब्या ४ ते ७ मि.मी. अशा कमीजास्त ठेवा. बहुतेकांचं काम बिघडतं ते कोपऱ्यावर: एका भिंतीचे थर दुसऱ्या भिंतीच्या थरांना मिळतच नाहीत. चारही भिंती चिकटवून, कोपऱ्याच्या फटीत पुट्टी भरून, ती वाळल्यावर रेषा कोपऱ्यावरून वळवून न्या. शेवटच्या दोन सेंटिमीटरची कोरणी त्यासाठी मुद्दाम राखून ठेवा.

काळा दगड काळा रंगवू नका. डेक्कन कॉलेजची जुनी इमारत दुपारच्या उन्हात बघा: राखाडी, कुठे निळसर, कुठे तपकिरी. ॲक्रिलिकचा काळा आणि पांढरा मिसळून मध्यम राखाडी करा, त्यात तपकिरीचा ठिपका टाका आणि पूर्ण भिंतीला पातळ दोन हात द्या. वाळल्यावर दर सात-आठ दगडांतला एक निवडून थोडा निळसर, एक थोडा तपकिरी, एक फिका करा. फरक अगदी थोडा हवा. लांबून वेगळे दगड मोजता येऊ लागले तर जास्त झालं.

मग दरजा भरायच्या. वॉल पुट्टीत चिमूटभर राखाडी रंग आणि थेंबभर पिवळा टाकून दह्याइतकी सैल कालवा आणि बोटाने रेषांमध्ये चोळा. दोन मिनिटांनी ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्याने तिरकं पुसा. रेषेच्या दिशेने पुसलं तर पुट्टी बाहेर ओढली जाते. निखळ पांढरी पुट्टी वापरू नका, त्याने भिंत वहीतल्या चित्रासारखी दिसते.

कौलं

३० अंशांच्या उतारावर, ६० सें.मी.ची वळचण धरून एक पाखं ४८ मि.मी. रुंद होतं, आणि दोन्ही टोकांना थोडं पुढे काढून १४७ मि.मी. लांब. मंगलोरी कौलाचा उघडा दिसणारा भाग साधारण ३२ × २१ सें.मी. असतो, म्हणजे मॉडेलवर ३.७ × २.४ मि.मी. एका पाख्यावर १३ ओळी, दोन्हींवर २६.

जुन्या लग्नपत्रिकांचं कार्ड यासाठी उत्तम, मात्र चकचकीत लॅमिनेशनचं नको. ६ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापा आणि त्यांच्यावर दर २.४ मि.मी.ला बॉलपेनने उभी रेघ दाबा. प्रत्येक रेघ कटरने चिरायची म्हटलं तर दोन्ही पाख्यांवर मिळून दीड हजारांवर चिरा होतात, आणि हातभर अंतरावरून त्यातला फरक कळत नाही. वळचणीच्या दोन ओळी मात्र खऱ्या चिरा, कारण तिथली दातेरी कड आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते. मधे कुठेकुठे तीस-चाळीस कौलं दोन्ही बाजूंनी चिरून टोक किंचित उचला.

पायाच्या कार्डवर ३.७ मि.मी.च्या आडव्या रेषा आखून खालून वर चिकटवत जा. पहिल्या ओळीखाली १ मि.मी. जाडीची पट्टी लावा म्हणजे पहिलं कौल वरच्या कौलांइतकंच तिरकं बसतं. फेविकॉल पातळ आणि फक्त पट्टीच्या वरच्या कडेला लावा. फेविकॉलच्या पाण्याने पाखं वाकतं. त्यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूलाही तेवढाच ओला रंगाचा हात देणं आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवणं. आढ्यावरची कौलं कार्डाची पट्टी पेन्सिलवर गोल वळवून करा.

रंगाला गेरूसारखा दुसरा पर्याय नाही. ॲक्रिलिकच्या विटकरी रंगात गेरूची पूड मिसळली की रंग मुळातच मॅट आणि किंचित खरखरीत होतो. एक हात दिल्यावर तीन छटा करा: थोडी नारिंगी, थोडी तपकिरी, थोडी काळपट. त्या सुट्या कौलांवर टिपत जा. शेवटी एका ठिकाणी पाच-सहा कौलं लागून कोरी, उजळ ठेवा. फुटलेली बदललेली कौलं अशीच दिसतात, आणि छपराला वय येतं ते त्या नव्या तुकड्यामुळेच.

गोदामाला पत्र्याचं छप्पर हवं असेल तर खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरू नका. खऱ्या पत्र्याची नाली साधारण ७५ मि.मी.ची, म्हणजे प्रमाणात ०.८६ मि.मी. हॉटेलच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा कापून सपाट करा, जुन्या चपलेच्या मऊ तळव्यावर ठेवा आणि त्यावरून ५ मि.मी.चा आटे पाडलेला रॉड दाबून फिरवा. त्याचे आटे ०.८ मि.मी. अंतरावर असतात. नाल्या तीनेक अंश तिरक्या उमटतात, कारण आटे तिरके असतात. म्हणून तुकडा कापताना कडा नाल्यांना समांतर धरा. पत्र्याचे तुकडे २० मि.मी.हून लांब ठेवू नका आणि कडा एकमेकींवर चढवा.

वॉश

वॉश म्हणजे खाचांमध्ये उतरणारा, पाण्यासारखा पातळ रंग. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ॲक्रिलिक वाळलं की पाण्यात सुटत नाही, पोस्टर कलर सुटतो. म्हणून पायाचा रंग कायम ॲक्रिलिकचा आणि वॉश पोस्टर कलरचा. वॉश चुकला तर ओल्या ब्रशने तो पूर्ण काढता येतो, खालचा रंग तसाच राहतो. उलट केलंत, पायाला पोस्टर कलर दिलात, तर पहिल्याच ओल्या ब्रशला सगळी भिंत चिखल होते.

काळा आणि तपकिरी समसमान घेऊन एक भाग रंगाला आठ ते दहा भाग पाणी घाला. ५० मि.लि.ला भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब टाका. साबण नसेल तर वॉश भिंतीवर मण्यांसारखा गोळा होतो आणि दरजांमध्ये उतरत नाही. दोन थेंब पडले तर फेस होऊन त्याची वर्तुळं वाळतात. इमारत उभी ठेवूनच वॉश लावा, म्हणजे पाणी जिथे खरंच जातं तिथेच तो जातो. तळाशी साचलेला थेंब लगेच कोरड्या ब्रशने शोषून घ्या. तो तसाच वाळला तर कडेला गडद रेघ उमटते.

पूर्ण वाळल्यावर ड्राय ब्रश करा. फिक्या राखाडीत चपटा ब्रश बुडवून कागदावर इतका पुसा की रेघ उमटेनाशी होईल, मग दगडांच्या कडांवरून वरून खाली हलकेच फिरवा. गोल फिरवू नका.

ओघळ आणि डाग

आता पाण्यामागे जायचं. छज्ज्याच्या आणि खिडकीच्या खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांपासून काळपट ओघळ खाली उतरतात, मधून नाही. तिथे काळ्या पोस्टर कलरचा ठिपका ठेवा आणि स्वच्छ ओल्या ब्रशने एकाच फटक्यात खाली ओढा. ओघळ वर गडद आणि खाली विरळ व्हायला हवा. सगळे ओघळ एका लांबीचे करू नका. लोखंडी पाइपच्या पट्ट्यांखाली आणि गजांच्या टोकांखाली तोच प्रकार गंजाच्या रंगाने करा. नुसता गेरू विटेसारखा दिसतो, जुन्या गंजासाठी त्यात निम्मा तपकिरी आणि थोडी काजळी घाला.

पन्हळ नसलेल्या छपराच्या पागोळ्या वळचणीच्या बरोबर खाली जमिनीवर पडतात आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीच्या जोत्यावर उडतात. हा तांबडा पट्टा खऱ्या भिंतीवर ३० ते ५० सें.मी. उंच असतो, मॉडेलवर साडेतीन ते सहा मि.मी. जुना टूथब्रश पातळ मातकट रंगात बुडवून अंगठ्याने खालून वर शिंतोडे उडवा, वरची भिंत कागदाने झाकून. दरवाजासमोर पट्टा तुटतो, कारण तिथे पायरी असते.

शेजारच्या चुन्याच्या गिलाव्याच्या खोलीला, म्हणजे दिव्यांच्या खोलीला किंवा स्वच्छतागृहाला, मीठ वापरा. आधी मातकट तपकिरी रंग द्या, वाळल्यावर भिंत किंचित ओली करून जोत्याजवळ आणि कोपऱ्यात जाडं मीठ भुरभुरवा. ते चिकटून वाळलं की वरून फिका पिवळा किंवा चुन्याचा पांढरा द्या. रंग वाळल्यावर बोटाने मीठ खरवडा, पोपडे उडाल्यासारखी भिंत मिळते. मग ओल्या कापसाने दोनदा पुसून मिठाचा कण न् कण काढा. राहिलेलं मीठ पावसाळ्यात हवेतली ओल ओढतं आणि रंग फुगतो. लोणा दाखवायला जमिनीलगत पांढऱ्या खडूची पूड हलकेच चोळा.

शनिवारवाड्याच्या तटाला एक फेरी मारा. खाली दगड, वर वीट आहे, आणि तेच पाणी दोन्हींवर किती वेगळं दिसतं ते तिथे एकाच नजरेत कळतं. वीट पाणी पिते आणि डाग पसरट होतो, दगडावरून ते घसरतं आणि डाग दरजांत बसतो.

कोरडी पूड आणि वार्निश

धूळ आणि काजळी रंगाने होत नाही, पुडीने होते. इस्त्रीवाल्याकडून लोणारी कोळशाचा तुकडा मागून घ्या आणि बारीक पॉलिश पेपरवर घासा. धुळीसाठी गेरू, पिवडी आणि पांढरा खडू मिसळा. रांगोळी वापरू नका, तिचे कण भरड असतात आणि रंगीत रांगोळीचा रंग ओल लागताच पसरतो. पूड मऊ ब्रशने वरून खाली लावा: काजळी वळचणीखाली आणि धुराड्याभोवती, धूळ सपाट पृष्ठभागांवर. रुळांच्या बाजूच्या भिंतीवर खालच्या अर्ध्या भागात तपकिरी लोहधूळ द्या, ब्रेक लागताना ती सतत उडत असते.

वरून मॅट वार्निशचा स्प्रे मारायचा. वार्निश पडलं की अर्धी पूड गायब झाल्यासारखी दिसते आणि खडू तर जवळपास नाहीसाच होतो. म्हणून पूड हवी त्याहून थोडी जास्त लावा. ३० सें.मी. अंतरावरून नुसतं धुकं बसेल इतकाच पहिला हात द्या, दहा मिनिटांनी दुसरा. जवळून मारलं तर हवेच्या झोताने पूडच उडते. जुलै ते सप्टेंबर पुण्याची हवा दमट असते, त्या दिवसांत वार्निशवर पांढरट साय येते. ऊन पडलेली कोरडी दुपार बघूनच स्प्रे करा, घराबाहेर आणि मास्क लावून. आणि असा स्प्रे थर्माकोलवर कधीही मारू नका, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खाऊन टाकतं.

खिडक्या, दिवे, लहानसहान वस्तू

काचा सगळ्यात शेवटी, वार्निशनंतर. ओएचपी शीटचे, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचे, तुकडे आतून फेविकॉलने लावा. फेविक्विकची वाफ प्लॅस्टिकवर पांढरी धुरी धरते आणि ती पुसून जात नाही. गजांना लवचिक वायरमधली तांब्याची एकेक तार पुरते, ती साधारण ०.२ मि.मी.ची असते.

पाइपसाठी १८ गेजची तार घ्या, १.२२ मि.मी., म्हणजे जवळपास चार इंची पाइप. पाण्याच्या बारीक लाइनला २२ गेज. आगीच्या लाल बादल्या म्हणजे बॉलपेनच्या रिफिलचे साडेतीन मि.मी.चे तुकडे. चारच टांगा, वर तारेची दांडी. घंटेसाठी जुन्या रुळाचा छोटा तुकडा दोऱ्याला बांधून वळचणीला लटकवा. स्टेशनचा पिवळा बोर्ड लेझर प्रिंटरवर छापा, इंकजेटची शाई वॉशला फुटते. काळी प्लॅस्टिकची टाकी मीटरगेजच्या काळातल्या इमारतीवर ठेवू नका.

दिव्यांसाठी ३ मि.मी.चा वॉर्म व्हाइट एलईडी १२ व्होल्टवर लावताना बहुतेक जण १ किलोओहमचा रेझिस्टर घालतात. त्याने सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि छोटं स्टेशन लग्नाच्या हॉलसारखं उजळतं. ४.७ किलोओहम घाला, २ मिलिअँपिअर पुरेसे होतात. भिंती आतून आधी काळ्या, मग पांढऱ्या रंगवा, नाहीतर उजेड कोपऱ्यांतून आणि बोर्डमधून बाहेर येतो. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय बघायला गेलात तर गाड्यांइतकाच वेळ दिव्यांना द्या: कुठल्या खिडक्या उजळलेल्या आहेत आणि कुठल्या अंधारात, ते बघा. सगळ्याच खोल्यांत उजेड ठेवायचा नसतो.

जमिनीत बसवणं

भिंतीखाली फट राहिली की सगळी मेहनत वाया जाते. जोतं बोर्डमध्ये २ मि.मी. रुतवा आणि कडेने माती भरा. मुरूम चहाच्या गाळणीने चाळा, कढईत दहा मिनिटं भाजा आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्या मुरमातून सावकाश फिरवा. आपली माती काळ्या दगडापासून बनलेली, तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहयुक्त कण भरपूर असतात. ते तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मोटर अडकते. काळे कण पिशवीला चिकटायचे थांबेपर्यंत हे करत राहा.

माती पसरून आधी साबणाचा थेंब घातलेलं पाणी स्प्रे करा, मग एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. पागोळ्यांच्या रेषेत काडीने बारीक चर ओढा, त्यात माती थोडी गडद ठेवा आणि चराच्या कडेला हिरवळ चिकटवा. रोजची धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने झटका. पावसाळ्यात लेआउटवर प्लॅस्टिक घट्ट ओढू नका, आत ओल कोंडून कार्डाची पाखं उघडतात. सुती चादर घाला आणि इमारतींच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.